बोटांत बसलेला आवाज

इस्त्रीवाल्यांनी कागद वाचायला घेतला तेव्हा मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. का घेतले ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"'गेमच्या कन्सोलमध्ये एचडी डिस्कचा ड्राइव्ह येणार, ही आता नुसती कुजबुज राहिलेली नाही,'" ते वाचत होते. "'ड्राइव्ह तयार आहे. कुठल्याशा बंद खोलीत त्याची तपासणी चालू आहे. डिस्क आत गेली की तो आधी जवळ पाहतो, एकदा नव्हे, दोनदा. मग लांब. जवळ म्हणजे एचडी. दोनदा म्हणजे दोन थरांची एचडी. ज्यांना कन्सोल घ्यायचा आहे त्यांनी जरा दम धरावा. तुमचा, घुबड.'"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्याची कड टेबलाच्या कडेशी नीट जुळवली.

"शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यात जड गेलंय," ते म्हणाले. "लोक दुकानात येतात, कन्सोल हातात घेऊन बघतात, 'नवा कधी येतोय?' विचारतात आणि निघून जातात. अफवा रोज उठतात, त्याचं काही नाही. पण ही अफवा नाही. हे कुणीतरी ऐकून लिहिलंय."

खोलीत आम्ही चौघं होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम, भिंगकाका, मी आणि हे गृहस्थ. कन्सोल आणि ड्राइव्ह दोन्ही बनवणाऱ्या कंपनीने त्यांना चौकशीला पाठवलं होतं. शर्ट इतका कडक की बसताना कागदासारखा आवाज झाला, म्हणून भिंगकाकांनी पाच मिनिटांत त्यांचं नाव इस्त्रीवाले ठेवलं होतं. माझ्या कानात ते हळूच म्हणालेही होते, "जपून, घडी मोडेल." तेव्हा मी हसले होते. आता कुणीच हसत नव्हतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कंपन्या डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हचे नमुने पाठवतात. आम्ही ते तापवतो, हलवतो, त्यांच्यावर धूळ सोडतो आणि शेवटी ऐकतो. ऐकण्यासाठी एक शांत खोली आहे. दोन दारांची, भिंतींना जाड स्पंज लावलेली. आत फोन न्यायचा नाही. या नमुन्यांपुरती तिची किल्ली फक्त दोघांकडे होती, भिंगकाकांकडे आणि माझ्याकडे. तो ड्राइव्ह पुढे कशात बसणार, कन्सोलमध्ये की आणखी कशात, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कंपनी तर जाहीरपणे सांगत होती की असा काही बेतच नाही.

"खोलीत जाणारी माणसं दोनच," इस्त्रीवाले म्हणाले. "म्हणजे मला जास्त लोकांना त्रास द्यायला नको."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

घुबड कोण आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. घुबड म्हणजे माझा धाकटा भाऊ. दिवसभर लोकांचे बिघडलेले कन्सोल उघडून बसतो आणि उरलेल्या वेळात त्यांच्याबद्दलच्या बातम्या आपल्या साइटवर लिहितो. त्याचं खरं नाव वाचकांपैकी कुणालाच ठाऊक नाही. पण मी त्याला या ड्राइव्हबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता. नोकरी लागली तेव्हाच आमचं ठरलं होतं की माझं काम घरात येणार नाही. तो विचारत नसे, मी सांगत नसे. मग दुसरं कुणीतरी सांगितलं. आणि दुसरं म्हणजे...

"रेकॉर्डिंग मी घरी नेलं होतं," भिंगकाका म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काय?"

"माझ्या नमुन्याच्या आवाजाचं. धुळीनंतर एक बारीक खरखर येत होती, ती नीट ऐकायची होती. इथे दिवसभर कुणी ना कुणी दार वाजवतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. एरवी ते चष्म्यावर घड्याळजीसारखं भिंग लावून फिरतात, म्हणूनच ते भिंगकाका. "नियम मोडला. मान्य आहे."

"कुणाला ऐकवलंत?" इस्त्रीवाल्यांनी विचारलं.

"कुणाला नाही."

"काका, घुबडाला तुम्ही..." मॅडम म्हणाल्या.

"मी कुठल्याच पक्ष्याला ओळखत नाही हो."

इस्त्रीवाल्यांचा चेहरा हलला नाही. उद्या दुपारपर्यंत आठवून सांगा, एवढंच ते म्हणाले. आठवलं नाही तर काका बाहेर, आणि बाहेर म्हणजे अशा कामात पुन्हा कुठेच नाही. शब्द सौम्य होते. मॅडम खिडकीकडे बघत होत्या, कारण निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाला हे सांगितलं जाताना बघणं सोपं नव्हतं.

बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी मी काकांना गाठलं.

"काका, खरं सांगा. कुणी ऐकलं असेल का? घरी कुणी आलं होतं?"

"माझ्याकडे कोण येतंय! बायको म्हणते, तुमच्या त्या खरखरीपेक्षा तुमचं घोरणं बरं." ते हसले, पण पेला अर्धाच भरून थांबले. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. "तू घरी जा, छोटी. उगाच तोंड पाडून बसू नकोस. तुझं वय नाही यात अडकायचं."

तेव्हा मला वाटलं, ते माझी समजूत काढतायत.

*

घरी पोचले तेव्हा धाकटा पुढच्या खोलीत कामाला बसला होता. टेबलावर तीन कन्सोल उताणे पडलेले, त्यांचे स्क्रू तीन वाट्यांत. आई आतून ओरडत होती की त्यातली एक वाटी तिची आहे आणि तिला ती आज परत हवी आहे.

मी पिशवीही खाली ठेवली नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"जवळ आणि लांब."

त्याने स्क्रूड्रायव्हर ठेवला. "अरे वा! तुमच्यापर्यंत पोचलं? म्हणजे खरं आहे तर."

"मी काही म्हटलेलं नाही. कुणी सांगितलं ते सांग."

"ताई, स्रोत सांगत नसतात. तुमच्या ऑफिसात नियम, तसा आमच्यात हा."

"तुझ्या नियमाला आग लाव. एका माणसाची नोकरी जातेय उद्या. या कामात त्यांना परत कुणी उभं करणार नाही."

त्याने स्क्रूची एक वाटी उगाच सरळ केली. मस्करी करायची की नाही, हे ठरवत असावा. "कोण माणूस?"

"ज्यांनी मला काम शिकवलं ते. त्यांनी रेकॉर्डिंग घरी नेलं होतं. सगळे म्हणतायत तिथूनच तुला मिळालं."

"रेकॉर्डिंग?" त्याचा चेहरा खरोखर कोरा झाला. "कसलं रेकॉर्डिंग? मी कुणाचं काही ऐकलेलं नाही."

"मग?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी काहीतरी विसरले आहे आणि त्याला ते सांगायला लाज वाटते आहे.

"तुला खरंच माहीत नाही?" तो म्हणाला.

मग त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी लाकडावर घासत आत ओढली. तर्जनीने एक हलका ठोका दिला, क्षणभर थांबला, पुन्हा तसाच हलका ठोका. मग मधल्या बोटाचा एक जड ठोका. आणि शेवटी अंगठ्याचा थरथराट, आधी सावकाश, मग भरभर.

तो माझा ड्राइव्ह होता. शांत खोलीतला, डावीकडे ठेवलेला, माझा नमुना.

भिंगकाकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की कान फसवतात, बोटं फसवत नाहीत. ड्राइव्ह सुरू होताना जे जे हलतं त्याला एकेक बोट द्यायचं. करंगळी म्हणजे भिंगाची गाडी डिस्कच्या मध्याकडे सरकते ती. तर्जनी म्हणजे भिंग वर जाऊन डिस्कच्या पृष्ठभागाजवळचा, एचडीचा थर शोधतं ते. मधलं बोट म्हणजे भिंग खाली येऊन लांबचा, जुन्या डिस्कचा थर शोधतं ते. अंगठा म्हणजे मोटर. चांगल्या ड्राइव्हचा ठेका बोटांत इतका बसवायचा की झोपेतही चुकू नये. मग बिघडलेला ड्राइव्ह समोर आला की बोट आपोआप अडखळतं आणि कळतं, इथे काहीतरी आहे. आमच्याकडे सगळे असेच शिकतात. जेवणाच्या सुट्टीत बघावं तर प्रत्येक टेबलावर कुणाची ना कुणाची बोटं चालू असतात.

"तू रोज वाजवतेस," धाकटा म्हणाला. "जेवताना, फोनवर बोलताना. आई रोज ओरडते, टेबल बडवू नकोस म्हणून. मागच्या वर्षी जुन्या कन्सोलचा ठेका वाजवायचीस. तो मी इथल्या यंत्राशी ताडून बघितला होता, गंमत म्हणून. तंतोतंत. त्यात तर्जनी नव्हतीच. हल्ली तर्जनी आली, म्हणजे एचडीचा जवळचा थर; बाकी ठेका कन्सोलचाच, म्हणून म्हटलं हा नव्या कन्सोलचा." त्याने खांदे उडवले, पण आवाज बारीक झाला होता. "तू काही बोलली नाहीस, ताई. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, यात नियम मोडत नाही."

"काढून टाक ती बातमी."

"आत्ता काढतो. पण विचार कर. घुबडाने बातमी मागे घेतली की सगळे म्हणणार, नक्कीच कुणीतरी दम दिला. म्हणजे नक्कीच खरी. इतर सात-आठ जणांनी उचललीही आहे. शिक्का बसेल, दुसरं काही नाही."

ते बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

आईने जेवायला हाक मारली. आम्ही समोरासमोर बसलो. मी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्याने जेवायचा प्रयत्न केला. आई एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघून म्हणाली, "कोण मेलंय का?"

"कुणी नाही," धाकटा म्हणाला.

मी डोक्यात पुन्हा पुन्हा तो ठेका चालवत होते. करंगळी, तर्जनी, तर्जनी, मधलं बोट. दोनदा जवळ. इस्त्रीवाल्यांनी वाचलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. आणि मग मला काकांचा हात आठवला. ते त्यांच्या नमुन्याचा ठेका टेबलावर वाजवत तेव्हा तर्जनी एकदाच पडायची. मला वाटायचं, वय झालं, बोटं थकली, एक ठोका गळतो. मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं होतं.

त्यांचा ठोका गळत नव्हता. त्यांच्या नमुन्यात तो नव्हताच.

दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आले होते. ते एकसारखे असायला हवे होते. फरक एवढाच की त्यांचा धुळीला गेला आणि माझा उष्णपेटीत. आणि इथे माझा घास हातातच राहिला. नियम असा आहे की आधी ऐकायचं, मग तापवायचं. निरोगी आवाज आधी बोटांत बसवायचा. त्या दिवशी उष्णपेटी रिकामी होती, दुसरं कुणी ती धरायच्या आत मी नमुना आत सरकवला. म्हटलं, ऐकू नंतर. मी तो पहिल्यांदा ऐकला तो तापून निघाल्यावर. उष्णतेने भिंगाचा आधार सैल झाला असणार. पहिल्या प्रयत्नात जवळचा थर सापडत नसणार, म्हणून ड्राइव्ह पुन्हा शोधत होता. तो बिघाड होता. आणि मी तो निरोगी समजून महिनाभर घोकला होता.

याचा अर्थ दोन गोष्टी होत्या. काकांच्या रेकॉर्डिंगमधून 'दोनदा' कुणाला मिळूच शकत नव्हतं. आणि हे फक्त मीच सिद्ध करू शकत होते, कारण माझा नमुना इतर कुणी ऐकलेला नव्हता. मी गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "माझं नाव सांग त्यांना. मी येतो बरोबर."

"तू नको येऊस. तू येशील आणि चार प्रश्न उलटे विचारून येशील."

*

सकाळी मी मॅडमना म्हटलं, सगळ्यांनी शांत खोलीत चला. इस्त्रीवाल्यांनी घड्याळ बघितलं, पण आले. चौघांना ती खोली लहान पडते. स्पंजाच्या भिंती आवाज खातात, त्यामुळे स्वतःचा श्वास जास्तच ऐकू येतो. काका कोपऱ्यात उभे राहिले. माझ्या हातात डिस्क बघून त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

मी आधी त्यांचं रेकॉर्डिंग लावलं. घर्र, टिक, टक, मग मोटर. मग त्यांच्या नमुन्यात डिस्क सरकवली. घर्र, टिक, टक, मोटर. मग माझ्या नमुन्यात. घर्र, टिक... टिक, टक.

"पुन्हा," इस्त्रीवाले म्हणाले.

मी पुन्हा लावला. दोनदा टिक.

"घुबडाने 'दोनदा' लिहिलंय," मी म्हटलं. "ते काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. ते फक्त या नमुन्यात आहे, आणि हा नमुना फक्त मी ऐकलाय."

"म्हणजे तुम्ही सांगितलंत."

"मी बोलले नाही. मी हे केलं." मी हात टेबलावर ठेवला आणि वाजवून दाखवलं. बोटं इतकी सहज चालली की माझी मलाच भीती वाटली. "घरी, जेवताना. घुबड माझा भाऊ आहे. तो समोर बसून जेवतो."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. इस्त्रीवाल्यांनी माझ्या हाताकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अनोळखी यंत्राकडे पाहतात.

"भाऊ आहे हे काल का नाही सांगितलंत?"

"काल मला वाटत होतं, बातमी दुसरीकडून गेली. आणि मी घाबरले होते."

"आणि हा दुसरा टिक? दोन थर?"

"दोन थर नाहीत. बिघाड आहे. आणि तो मी तुम्हाला आधीच कळवायला हवा होता." मग मी उष्णपेटीचं सांगितलं. भावाचं नाव घेताना आवाज कापला नव्हता, तो इथे कापला.

त्यांनी मॅडमकडून उष्णपेटीचं तापमान विचारून घेतलं, नमुन्यावर वाकून दोन-तीनदा ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या बाह्यांना सुरकुती पडली. सरळ झाले तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता.

"काका राहतील. रेकॉर्डिंग पुन्हा बाहेर जाणार नाही. तुम्ही या कामावर नाही, आत्तापासून. नोकरीचं तुमच्या मॅडम बघतील." ते थोडं थांबले. "आणि घुबडाची बातमी जशी आहे तशी राहू द्या. 'दोन थर' असं काही नाहीच, हे आम्ही शपथेवर सांगू शकतो. एक गोष्ट खोटी ठरली की लोक बाकीचीही सोडून देतात. त्याला दुरुस्त करू नका. तोंडाने नाही, आणि..." त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं.

मी किल्ली काकांच्या हातात दिली. बाहेरच्या आणि आतल्या दाराच्या मधे, जिथे दोन माणसं जेमतेम मावतात, मी त्यांना थांबवलं.

"तुम्हाला कालच कळलं होतं."

"'दोनदा' म्हणाले ना ते. लगेच." त्यांनी चष्मा वर सरकवला. "मला वाटलं, कुणाजवळ बोलून गेलीस. म्हटलं, माझं काय उरलंय आता, तुझं सगळं पुढे आहे."

"आणि माझा ठेका चुकतोय हे महिनाभर दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं. वाटलं, तरुण पोर आहे, हात जरा उत्साहाने चालतोय." ते ओशाळले. "विचारायला हवं होतं."

आम्ही दोघांनीही विचारायला हवं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण आतून इस्त्रीवाल्यांनी त्यांना हाक मारली.

मॅडमनी मला काढलं नाही. जुन्या नमुन्यांच्या धूळपेटीवर बसवलं. तिथे ऐकण्याचं काम नाही, आणि वर्ष संपताना त्या काय ठरवतील ते मला अजून माहीत नाही.

त्या संध्याकाळी धाकट्याला मी एवढंच सांगितलं की काका वाचले. त्याने मोठा श्वास सोडला. आईने वाढलं. त्याच्या फोनवर सारखं काहीतरी टिंग वाजत होतं. लोक दोन थरांवरून भांडत होते. कुणी म्हणत होतं, इतकी मोठी डिस्क असेल तर गेमही तेवढेच मोठे येणार. त्याने दोन-तीन ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या आणि मधेच थांबला.

"ताई, एक सांगशील? नुसतं हो किंवा नाही. ते दुसरं जवळ जे आहे ना, ते मला नीटसं..."

तो विचारत होता माझ्या तोंडाला, पण बघत होता माझ्या हाताकडे.

हात टेबलावरच होता. मी तो मागे घेतला असता तर तेही उत्तर झालं असतं. मी करंगळी आत ओढली, तर्जनी उचलून धरली, मधल्या बोटाने एक ठोका दिला आणि अंगठा चालू केला. मागच्या वर्षीचा, जुन्या कन्सोलचा ठेका. कुठल्याही दुकानात ऐकायला मिळतो तो.

"टेबल बडवू नकोस," आई म्हणाली.

मी वाजवत राहिले. धाकटा शेवटपर्यंत बघत होता, आणि तर्जनी उचलून धरायला मला किती जोर लावावा लागतोय हे त्याला दिसत होतं की नाही, मला कळेना.